मंगळवार-शुक्रवारची गाडी

मंगळवार, ७ जानेवारी

कारखान्याने सभासदांना वाटलेली डायरी आज वापरायला काढली. पहिल्या पानावर अध्यक्षांचा फोटो, शेवटच्या चार पानांवर उसाच्या लागणीचे वेळापत्रक. मधली पाने माझी.

आज लियाकतला घेऊन मिरजेला जाऊन आलो. गणपतीपासून हेच चालले आहे. त्याच्या दोन्ही किडन्यांनी काम सोडले. आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी, रक्त मशीनमधून धुऊन घ्यावे लागते. साताऱ्यात मोफत उपचाराच्या सरकारी योजनेची यादी भरलेली, म्हणून नंबर मिरजेत लागला. सकाळी रिक्षाने रहिमतपूर स्टेशन, तिथून पॅसेंजर, चार तास मशीन, आणि दिवेलागणीला परत.

पस्तीस वर्षे मी एस.टी.च्या स्टँडवर नियंत्रकाच्या खोलीत बसून गाड्या पुकारल्या. सवय जात नाही. लियाकत खिडकीला डोके टेकून डोळे मिटतो आणि मी त्याच्यापुरते पुकारतो, "तारगाव... मसूर... शिरवडे..."

तो डोळे न उघडता म्हणतो, "फलाट नंबर सांगितला न्हाईस, कंट्रोलर."

कराड गेले की कविता निघतात. चौथीतल्या, पाचवीतल्या. आमच्या गुरुजींनी स्वतः केलेली एक होती, पुस्तकात नव्हती, फळ्यावरून उतरून घेतलेली:

थेंब एकला निघे घरातुन, वाट कुणाची पाहे ना;
ओढ्याला तो म्हणे, 'चल गड्या', ओढा मागे राहे ना.

ताकारीपर्यंत मधली कडवी होतात. शेवटचे कडवे मात्र दोघांनाही आठवत नाही. साठ वर्षांत कुठे सांडले कोण जाणे. गुरुजी गेले, वर्गातले बरेच गेले. मी लियाकतला म्हणालो, "तू आठव, तुझं डोकं अजून चांगलं आहे."

"डोकं चांगलंय, किडनी न्हाई. तुझी किडनी चांगली. दोघांचं मिळून एक माणूस हुतंय बघ."

इथे कुणी वाचणार नाही म्हणून लिहितो. मला मंगळवार-शुक्रवार आवडू लागले आहेत. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखे वाटते.

शुक्रवार, १० जानेवारी

मशीनच्या खोलीत शेजारच्या खाटेवर जतच्या राहीबाई असतात. मेंढरे राखणारे घर. कन्नड आणि मराठी एकाच वाक्यात बोलतात. तंत्रज्ञ पूजा त्यांना रागावत होती की तीन दिवसांत वजन तीन किलोने वाढले, म्हणजे पाणी जास्त झाले.

"दिवसाला एक लिटर म्हणजे एकच लिटर, आजी."

राहीबाई म्हणाल्या, "आमच्या वाडीत समद्यांस्नीच पानी मोजून. टँकर आला तर आला. मला एकटीलाच डागदर लागला सांगायला."

सगळी खोली हसली. लियाकतसुद्धा. त्याच्या डाव्या हाताला, मनगटाच्या वर शीर जोडून घेतली आहे. तिथे बोट ठेवले की मांजर घुरघुरावे तशी थरथर लागते. उजवा हात मोकळा असतो. त्या हाताने तो चादरीवर अक्षरे काढत बसतो. पेंटर माणूस. आमच्या गावातली निम्मी दुकाने त्याच्या अक्षरात आहेत. बाकीची निम्मी फ्लेक्सवाल्यांनी नेली.

मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. लियाकतला तिळगूळ दिला. त्याने वडीतला एक तीळ नखाने काढून तोंडात टाकला आणि बाकीची वडी मला परत दिली. "गोड बोल, पर कमी बोल," म्हणाला.

परतीच्या गाडीत शाल अंगावर ओढून खिडकीला टेकून बसला. मीही चार कविता म्हणून थांबलो. थंडी होती.

गुरुवार, १६ जानेवारी

आज नगरपंचायतीत निवेदन देऊन आलो.

मशीनसाठी मिरज गाठायचे खरे तर कारणच नाही. आमच्याच गावच्या सरकारी दवाखान्यात मागल्या पंधरा ऑगस्टला चार मशीन बसल्या. वीरधवलने आणल्या. तरुण पोरगा आहे, मुंबईत त्याच्या ओळखी आहेत. उद्घाटन झाले, नारळ फुटला, प्रत्येक मशीनला हळदकुंकू लागले. दुसऱ्या दिवसापासून खोलीला कुलूप. एका माणसाचे रक्त धुवायला शंभर-सव्वाशे लिटर शुद्ध पाणी लागते आणि शुद्धीकरणाच्या टाकीला नळाची जोडणीच नाही. नळ नगरपंचायतीचा आणि नगरपंचायत नानासोंची. नानासो आणि वीरधवल यांचे पटत नाही. मशीन त्याच्या, पाणी यांचे.

खिडकीच्या फटीतून पाहिले. मशीनवर प्लॅस्टिक तसेच आहे. आतले कुंकू वाळून काळे पडले आहे.

नानासो शाळेत आम्हाला एक वर्ष पुढे होते. निवेदन हातात घेतले, चहा मागवला.

"हंबीर, फाईल प्रोसेसमध्ये हाय. आरं, मी काय माणसांच्या इरुद्ध हाय का?"

"नाही, तसं नाही."

"मग? अक्षर अजून कसलं झकास हाय रं तुझं!"

बाहेर आल्यावर पोचेवर शिक्का बघायचा राहिला हे लक्षात आले. घरी संयोगिता म्हणाली, "आबा, हे निवेदन तुम्ही मागच्या सोमवारीपण दिलंयत. पोच कपाटात आहे." सून चांगली आहे, पण हल्ली माझ्यावर पाळत ठेवते. परवा गॅस चालू राहिला तेव्हापासून.

शुक्रवार, १७ जानेवारी

मिरज स्टेशनात लियाकतला पायात गोळे आले. मशीननंतर कधी कधी येतात. जिन्याच्या पायथ्याशी बाकावर बसला तो उठेना. गाडी लागली होती. मी दोन्ही पोटऱ्या चोळत होतो.

"तू जा," म्हणाला. "संयोगिता वाट बघंल. मी मागनं येतो."

"कुठं मागनं येतोस? गप बस."

गाडी समोरून निघून गेली. शेवटचा डबा दिसेनासा झाल्यावर मी पुकारले, "प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे. रहिमतपूरला जाणारी गाडी गेलेली आहे. पुढच्या गाडीची वाट पाहावी." बाकावरची एक बाई दचकली. लियाकत इतका हसला की पुन्हा गोळा आला.

पुढच्या गाडीपर्यंत आम्ही तिथेच बसून होतो. मला तो वेळ फार छान गेला. त्याला कसा गेला, विचारले नाही.

सोमवार, २० जानेवारी

नानासोंचा पुतण्या विश्वजित दोन माणसे घेऊन घरी आला. दोन फेब्रुवारीला नानासोंचा अमृतमहोत्सव. सकाळी मोफत आरोग्य तपासणी शिबिर, संध्याकाळी सत्कार. मानपत्र मी लिहायचे, लियाकतने रेशमावर रंगवायचे, आणि व्यासपीठावर मीच वाचायचे. चाळीस वर्षांत आम्ही दोघांनी अशी पन्नासएक मानपत्रे केली असतील. निवृत्त मुख्याध्यापक, लढाईतून परतलेले सुभेदार, कारखान्याचे संचालक. शब्द माझे, अक्षर त्याचे.

मी नाही म्हणणार होतो. ज्या माणसाने पाणी अडवले त्याच्यावर कसली विशेषणे लिहायची? आरोग्य शिबिर भरवतात आणि पलीकडच्या खोलीला कुलूप! संध्याकाळी लियाकतच्या घरी जाऊन तणतणलो.

तो शांतपणे ब्रश धूत होता. "लिही की."

"तू म्हणतोस?"

"लिही. रंगवतो मी. किती दिवस झालं रेशमावर हात न्हाई टाकला." मग म्हणाला, "मला एक सांग हंबीर. मानपत्रात केलेली कामं लिवत्यात, का करायची ऱ्हायलेली बी?"

"मानपत्रात सगळी केलेलीच असतात," मी म्हणालो. "तेच तर वाईट."

"व्हय, व्हय," म्हणाला आणि ब्रश झटकला.

त्याची बायको रहिमतबी चहा घेऊन आली. त्याच्या कपात दोन घोट, माझा भरलेला. मला अवघडल्यासारखे झाले.

मंगळवार, २१ जानेवारी

गाडीत कराडच्या पुढे लियाकत एकदम म्हणाला, "रमजान लागला की मी येणार न्हाई."

"पण तुला रोजा माफ आहे ना?"

"माफ हाय. पर रमजान घरात काढायचा म्हणतोय. गाडी बास आता."

मी म्हणालो की बरोबरच आहे, वर्षाचा सण, घरी राहायलाच हवे. डॉक्टरांना विचारून महिनाभराची काही सोय होते का बघू. ईदनंतर पुन्हा सुरू करता येईल, तोवर उन्हाळा असेल, पण सकाळची गाडी बरी पडते.

तो माझ्याकडे बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "किर्लोस्करवाडी पुकारलीस न्हाई."

खरेच की. विसरलो होतो.

शुक्रवार, २४ जानेवारी

पूजाला विचारले, एक महिना मशीन बंद ठेवायची असेल तर काय करावे लागेल?

तिने हातातली पट्टी खाली ठेवली. "कोणासाठी विचारताय काका?"

मी लियाकतकडे बोट केले. तो झोपला होता. ती मला बाहेर घेऊन आली. "महिना नाही हो. आठ दिवस गेले तरी पाणी फुप्फुसात चढतं. ह्यांना लघवी जवळजवळ नाहीच. त्यांनी तुम्हाला काही सांगितलंय का? नीट विचारा त्यांना."

मी परत खोलीत आलो. राहीबाई म्हणाल्या, "बसा की वं, उभं का?" मी बसलो. लियाकतच्या हातावर बोट ठेवले. थरथर लागत होती.

परतीला एकही कविता म्हणालो नाही. त्यानेही विचारले नाही.

शनिवार, २५ जानेवारी

रहिमतबी आज आपणहून घरी आली. उंबऱ्याच्या आत येऊन भिंतीला टेकून उभी राहिली.

"भावजी, तुमास्नी बोलले का ते?"

"बोलला. पण मला आधी कळलं नव्हतं."

"मला डिसेंबरातच बोललेत. म्हणत्यात, दोन दिस गाडीत, दोन दिस गाडीचा शीण काढण्यात, मग जगायचं कवा? हितं मशीन असती तर गोष्ट येगळी, म्हणत्यात. घरनं चालत गेलो असतो, दुपारी घरात आलो असतो." पदराने डोळे पुसले. "मी काय म्हणू? रेटून न्यायचं का? तुमी त्यांचं दोस्त. तुमी सांगा."

मी तिला सांगितले की मी पुन्हा निवेदन देतो.

ती म्हणाली, "द्या," आणि गेली.

लिहायला लाज वाटते. मी सहल म्हणत होतो. गाडीच्या खिडकीला डोके टेकून तो बसायचा तेव्हा मला वाटायचे, कविता ऐकतो आहे.

रमजान मार्चच्या दोन तारखेला लागेल म्हणतात. पाच आठवडे.

बुधवार, २९ जानेवारी

मानपत्राचा मसुदा झाला. तीनदा फाडला. शेवटी जे खरे आहे तेवढेच लिहायचे ठरवले, म्हणजे मन खात नाही. दुष्काळात चारा छावणी उघडली, हे खरे. तीस वर्षांपूर्वी गावात घरोघर नळ आणले, हेही खरे. "तृषार्त ग्रामाच्या ओंजळीत आपण पाणी घातलेत," असे वाक्य केले. वाक्य चांगले उतरले. त्याच्यापुढे मन चालेना, म्हणून "शतायुषी व्हा" लिहून थांबलो. कागद लियाकतकडे दिला.

संध्याकाळी त्याचा फोन. "हंबीर, कापड लांब हाय. ओंजळीच्या खाली दोन वळींची जागा उरतीया."

"वेलबुट्टी काढ."

"बघतो कायतरी," म्हणाला.

आवाज फार दिवसांनी खुशीत वाटला. ब्रश हातात आला की माणूस हलका होतो.

शनिवार, १ फेब्रुवारी

मानपत्र बघायला गेलो तर ते वर्तमानपत्रात गुंडाळून दोऱ्याने बांधलेले. "रंग वला हाय. उद्या ष्टेजवरच सोड," म्हणाला. आधी असे कधी केले नव्हते. पण कालच मिरजेहून आलेला दमलेला माणूस, मी वाद घातला नाही.

कच्चा कागद परत मागितला. रहिमतबी म्हणाली, चुलीत गेला. त्यांच्या घरी तर गॅस आहे. पण पाणी तापवायला बंब असेल.

रविवार, २ फेब्रुवारी

आज जे झाले ते नीट लिहून ठेवले पाहिजे.

शाळेचे पटांगण भरले होते. सकाळी शिबिरात साडेतीनशे लोकांचे रक्तदाब मोजले, हे तीनदा जाहीर झाले. पाहुणे बाहेरगावचे, मोठे. लियाकत पहिल्या रांगेच्या कडेला खुर्चीवर, पांढऱ्या टोपीत. मी माईकसमोर उभा राहिलो, दोरा सोडला, रेशीम उलगडले. काय अक्षर! जांभळ्या रेशमावर सोनेरी. असे अक्षर त्याने तरुणपणीही काढले नव्हते.

वाचू लागलो. स्टँडवरचा आवाज अजून आहे. चारा छावणी झाली, नळ झाले, ओंजळ झाली, आणि त्याच ओघात पुढच्या दोन ओळी वाचून गेलो:

"आणि आज अमृतमहोत्सवाच्या शुभदिनी, गावच्या डायलिसिस केंद्रास नळजोडणी बहाल करून आपण रुग्णांच्या घरी दिवा लावलात."

वाचून झाल्यावर मला कळले की मी काय वाचले.

मग मागून बायकांच्या बाजूने टाळ्या सुरू झाल्या आणि त्या थांबेनात. आमच्या गावात किडनीची माणसे अकरा आहेत. त्यांच्या घरचे सगळे आले असावेत. पाहुण्यांनी उठून नानासोंचा हात हातात घेतला. फोटो निघाले. नानासोंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग माईक घेतला.

"हंबीररावांनी आमचं गुपित आधीच फोडलं," म्हणाले. "मी शेवटाला सांगणार होतो."

पुन्हा टाळ्या.

म्हणजे त्यांनी आधीच ठरवले होते? मग ते मला कुणी सांगितले? मी ती ओळ लिहिल्याचे मला मुळीच आठवत नाही. पण शब्द तर माझ्याच घाटणीचे आहेत. "बहाल करून", "दिवा लावलात". चाळीस वर्षे मी असेच लिहितो.

लियाकतला विचारले, "ती ओळ माझ्या मसुद्यात होती?"

"मानपत्र तुझं, शब्द तुझं. मी निसता पेंटर."

गॅस, निवेदन, किर्लोस्करवाडी, आणि आता हे. संयोगिताला उद्या सांगितले पाहिजे की मला डॉक्टरकडे ने.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळीच विश्वजित दारात. चप्पल न काढता बोलू लागला. "काका, तुम्हाला कोणी शिकवलं ते लिहायला? वीरधवलने? आमच्या स्टेजवर आमचीच गोची?"

मी म्हणालो, "कुणी नाही बाळा. माझी चूक झाली. हल्ली लक्षात राहत नाही. लियाकतचा काही संबंध नाही, त्याने मसुदा होता तसा उतरवला."

"चला आता. नानांनी बोलावलंय."

नानासो ओसरीवर एकटेच होते. मानपत्र समोर भिंतीला लावलेले. मी उभ्या उभ्याच माफी मागितली. ते ऐकून घेत होते, पण नजर रेशमावर.

"तू लिवलंस व्हय ही वळ?"

"मीच. आठवत नाही, पण मीच."

"बस." चहा मागवला. "किती दिवस हाय रं त्याचं असं?"

"लियाकतचं? गणपतीपासून."

चहाचा कप माझ्याकडे सरकवला. मग म्हणाले, "शाळेत असताना माझ्या पाटीवर ह्यो लियाक्या चित्रं काढायचा. मास्तरचं नाक. मार मला बसायचा." हसले. "त्याला सांग, बाकी समदं जुन्या हातानं काढलंय. पर ह्या दोन वळींतला 'ळ' लय झकास आलाय. अगदी मनापासनं."

मी निरोप तसाच्या तसा लियाकतला सांगितला. त्याच्या अक्षराचे कौतुक झाले याचा मला आनंदच झाला. तो मात्र उगाचच खोकत बसला.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

गावात दोन फ्लेक्स लागले. नाक्यावर: "रुग्णांच्या दारी पाणी आणणारे जलदूत". स्टँडवर: "मशीन कुणी आणल्या, गाव जाणते". वीरधवल फ्लेक्सखाली उभा होता. मी म्हणालो, "बाबा, दोघांचेही उपकार. आता एकमेकांत अडू नका." तो म्हणाला, "काका, माझं काय न्हाई, पर फोटोत मला घेतलं पाहिजे."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

दवाखान्याच्या मागे चर खणला. निळा पाइप पडला. अर्धा दिवस तिथेच उभा होतो. मुकादम म्हणाला, "काका, उन्हात कशाला? पळून जात न्हाई पाइप."

पाणी आल्यावर लगेच मशीन चालत नाहीत, असे कळले. टाकीचे पाणी तपासायला जाते, अहवाल येतो, मग तंत्रज्ञ येतो. डॉक्टर म्हणाले, मार्चचा पहिला आठवडा.

म्हणजे रमजान लागल्यावर. लियाकतला सांगितले. "बघू," म्हणाला. व्हय म्हणाला नाही, न्हाई म्हणाला नाही.

संयोगिताने मला साताऱ्याला डॉक्टरकडे नेले. आजचा वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले, घड्याळ काढायला लावले. मी विचारले, कविता म्हणून दाखवू का? डॉक्टर हसले. वयोमानाचे विसरणे आहे, म्हणाले. मी त्यांना मानपत्राची गोष्ट सांगितली. "लिहिलेली ओळ अजिबातच आठवत नाही?" असे पुन्हा पुन्हा विचारत होते. संयोगिता खिडकीबाहेर बघत होती. मला वाटते, ती हसू दाबत होती. तिला काळजीने तसे होते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

मिरज.

मशीनला लावताना लियाकतने पूजाला एक पुठ्ठा दिला. त्यावर रंगीत अक्षरात तिचे नाव. तिने विचारले, "हे काय काका, निरोप घेताय का?" तो म्हणाला, "हात चालतोय का बघत हुतो." ती त्याला म्हणाली, "मंगळवारी इथं या नाहीतर तिथं बसा. पण बसा."

राहीबाईंनी सगळे ऐकले होते. मला म्हणाल्या, "तुमी लिवलं आन् पानी आलं म्हनं. आमच्या जतला बी एक मानपत्र लिवा की वं."

"तुमच्याकडं कुणाचा वाढदिवस आहे?"

"वाढदिवस रग्गड हैत. पानीच न्हाई."

परतीच्या गाडीत मी सगळी स्टेशने पुकारली. एकही चुकवले नाही. रहिमतपूरला उतरताना मी विचारले, "मंगळवारी येशील ना? दवाखाना घरापासून पाचशे पावलं आहे. मी मोजली आहेत."

"अहवाल आला का?"

"उद्या येणार म्हणतात."

"सरकारी उद्या," म्हणाला आणि रिक्षात बसला.

रविवार, २ मार्च

रमजान लागला. अहवाल आला नाही. आज निवेदन लिहिले आणि कुणाला द्यायचे ते न कळून खिशात ठेवले.

सोमवार, ३ मार्च

दुपारी अहवाल आला. पाणी चांगले आहे. तंत्रज्ञ साताऱ्याहून आला, उद्या नऊला सुरू. यादीत पहिले नाव लियाकतचे. नानासोंच्या कार्यालयातून तसा फोन आला होता म्हणे.

सांगायला गेलो तर तो आतल्या खोलीत पडून होता. पाय सुजलेले. रहिमतबीने बोटाने दाबून दाखवले, खड्डा तसाच राहिला. मी उशाशी बसून सांगितले. त्याने ऐकले.

"हंबीर, तू दमला न्हाईस व्हय रं?"

"कशाने?"

"माज्या मागनं फिरून."

मी म्हणालो, "मागनं कुठं? शेजारी बसायचो की."

त्याने डोळे मिटले. मी थोडा वेळ बसलो आणि घरी आलो.

मंगळवार, ४ मार्च

साडेआठलाच दवाखान्यात जाऊन बाकावर बसलो. खोलीचे कुलूप निघाले होते. तंत्रज्ञ मशीनवरचे प्लॅस्टिक काढून स्पिरिटने कुंकू पुसत होता. निघता निघत नव्हते. विश्वजित आणि वीरधवल दोघेही हार घेऊन दोन दारांशी उभे.

नऊ वाजले. सव्वानऊ. डॉक्टरांनी यादी बघितली आणि माझ्याकडे बघितले. "येणार आहेत ना ते? नाहीतर दुसरं नाव घेतो."

"येणार आहेत," मी म्हणालो. मला काहीच माहीत नव्हते. "थोडं थांबा. गाडी लेट आहे."

साडेनऊला फाटकातून लियाकत आला. चालत. एक हात रहिमतबीच्या खांद्यावर, दर वीस पावलांवर थांबत. मी धावत गेलो. त्याने दम घेतला आणि म्हणाला, "पाचशे न्हाईत, सहाशे चाळीस हैत. नीट मोजत जा."

दोघांनी हार घातले. फोटोत दोघेही आले. मग सगळे गेले आणि मशीनचा तोच ओळखीचा आवाज सुरू झाला. मिरजेसारखाच. रहिमतबी रोज्याची, बाहेर सावलीला बसली. मी खुर्ची घेऊन त्याच्या उजव्या हाताला बसलो. पुकारायला स्टेशने नव्हती. जरा चुकल्यासारखे झाले.

दोनएक तासांनी त्याचा श्वास मोकळा झाला. रंग परत आला. मला म्हणाला, "शेवटचं कडवं आठवलं."

"गुरुजींचं?"

"व्हय. लिवून घे, न्हाईतर इसरशील."

खिशात निवेदन होते. त्याच कागदाच्या मागच्या बाजूला उतरून घेतले. आता इथे नीट लिहून ठेवतो:

दमला ओढा तरी थेंब तो हात तयाचा सोडी ना;
फलाटावरी बसून राही, पुढची गाडी पकडी ना.

किती सुंदर! साठ वर्षे हे हरवले होते. घरी आल्यापासून दहादा म्हटले. संयोगितालाही म्हणून दाखवले. तिने पदर डोळ्याला लावला. तिला कवितेची आवड आहे हे माहीत नव्हते.

एकच कळत नाही. ओढ्याच्या कवितेत गुरुजींनी फलाट कशाला आणला असेल? आमच्या गावाला तर स्टेशनच नाही.

शुक्रवारी लियाकतला विचारले पाहिजे.